कोरेबाईंची वांगी

मधुसूदन दाबके यांना त्या गोड आवाजाचा कंटाळा आला होता.

सकाळचा चहा झाला की टेबलावरची काचेची पाटी आपोआप उजळायची आणि एक बाई मधाळ सुरात म्हणायची, "दाबकेजी, आज आपल्याला तीन पत्रं आली आहेत. वाचून दाखवू?" तिला बाई म्हणावं की नाही, याची दाबक्यांना कधी खात्री वाटली नाही. नको म्हणायचा त्यांना संकोच वाटे, म्हणून ते रोज ऐकून घेत. दाबके चौऱ्याहत्तर वर्षांचे. त्यांतली चाळीस वर्षं त्यांनी सांगलीत मुद्रितं तपासली होती. मजकूर डोळ्यांनी वाचायचा असतो, एवढ्या एकाच बाबतीत त्यांना स्वतःविषयी थोडा विश्वास होता.

"मला पत्र बघायचंय गं," एका रविवारी ते भाचीला म्हणाले. "प्रूफ यायचं ना आमच्याकडे, तसं. नुसती अक्षरं. मध्ये कोणी बोलायला नको. म्हणजे, तुला फार त्रास नसेल तर."

केतकी एका कॉलेजात नेटवर्क सांभाळायची. तिला हसू आलं. "मामा, सन एकेचाळीस उजाडलं आणि तुम्हाला टर्मिनल पाहिजे?"

"ते काय असतं?"

"काळा पडदा, पांढरी अक्षरं, बाकी काही नाही. तुमच्या प्रुफाच्या उलटं, पण तोंड बंद ठेवतं."

"मग तेच दे."

तिनं कपाटातला जुना संगणक काढला, त्यावर नुसत्या अक्षरांत टपाल दाखवणारा एक पुराणा प्रोग्रॅम बसवला आणि कॉलेजात निघून गेली. दाबके खूश झाले. केतकीचं चाचणीचं पत्र उघडलं, ते जसंच्या तसं दिसलं. मिरजेच्या एका जुन्या सोबत्याचं उघडलं, तेही ठीक. मग जरा खुर्ची पुढे ओढून त्यांनी कोरेबाईंचं पत्र उघडलं.

पडदाभर प्रश्नचिन्हं होती. ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हं, आणि मधूनमधून एखादा सुटा आकडा.

आपल्याच हातून काहीतरी बिघडलं, असं धरून दाबक्यांनी संगणक बंद केला, आणि दोन दिवस कोणाला काही सांगितलं नाही.

कोरेबाई म्हणजे शालन कोरे. दाबके ज्या छापखान्यात होते, तिथं त्या अक्षरजुळणी करत. खिळ्यांची नव्हे, संगणकावरची. अठरा वर्षं दोघांची टेबलं समोरासमोर होती. बाई मजकूर जुळवायच्या, दाबके त्यातल्या चुका काढायचे. दोघांचंही लग्नाचं राहून गेलं. त्यांचा एकमेकांशी संबंध लावायचं धाडस छापखान्यातल्या कोणी केलं नाही, आणि दाबक्यांनी तर नाहीच नाही. छापखाना बंद झाला तेव्हा बाईंनी आपला संगणक विकत मागून घेतला आणि त्या अथणीला भावाच्या घरी गेल्या. भाऊ वारला, भाचा ईराण्णा राहिला. पुढे बाईंचे कान पूर्ण गेले. तेव्हापासून फोन संपला आणि पत्रं सुरू झाली.

आणि पत्रं किती छान असत! हवा बरी आहे. परसात वांगी धरली आहेत. गुडघा जरा दुखतो. दाबके त्यावर दोन दोन दिवस विचार करून उत्तर लिहीत. वांग्यावर कीड पडू नये म्हणून राख टाका, असं त्यांनी पुस्तकात बघून कळवलं होतं. गुडघ्यासाठी तेलाची एक बाटलीसुद्धा पाठवली होती. पुढच्या पत्रात आलं, तेलानं पुष्कळ उतार पडला. ते वाक्य त्यांनी पाटीवरच्या बाईकडून तीनदा वाचून घेतलं होतं, आणि त्या दिवशी तिचा आवाज त्यांना खटकला नव्हता.

मंगळवारी केतकी आली तेव्हा त्यांनी अपराध्यासारखं पडद्याकडे बोट दाखवलं. "माझ्याकडूनच काही दाबलं गेलं असेल."

"तुम्ही काही केलेलं नाही. बघू." ती बसली. "मामा, संगणकाला अक्षर कळत नाही, अंक कळतो. कोणत्या अंकाला कोणतं अक्षर दाखवायचं, याचा एक तक्ता असतो. तक्ते पूर्वी शंभर होते, आता जगभर एकच आहे. पत्राच्या वरच्या बाजूला लिहिलेलं असतं, की मला अमुक तक्त्यानं वाचा. या पत्रावर ते लिहिलेलंच नाही. म्हणून आपल्या प्रोग्रॅमनं नवा तक्ता धरला, आणि त्यात हे अंक बसेनात. जिथं बसत नाही तिथं प्रश्नचिन्ह."

तिनं मांडणीच्या फायलीत एक ओळ लिहिली: ज्या पत्रावर तक्त्याचं नाव नाही, ते जुन्या युरोपी तक्त्यानं वाच. पत्र पुन्हा उघडलं. प्रश्नचिन्हं गेली आणि त्यांच्या जागी परकी अक्षरं आली. डोक्यावर दोन टिंबं घेतलेले ओ, शेपटीवाले सी, मध्येच अर्ध्याचं चिन्ह, मध्येच पौंडाचं.

"हे तर आणखीनच बिघडलं," केतकी म्हणाली.

दाबके पडद्याच्या इतके जवळ गेले, की चष्मा काचेला टेकला.

"फाँट उडालाय," ते हळूच म्हणाले.

"काय?"

"छापखान्यात असंच म्हणायचो आम्ही. बाईंची फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली, आणि तिथं आमचा फाँट नसला, की हुबेहूब असं दिसायचं. हे बिघडलेलं नाही, केतकी. ही बाईंची जुळणी आहे."

मग त्यांनी तिला समजावलं, आणि समजावताना त्यांचा आवाज नेहमीपेक्षा जरा मोठा झाला. जगाचा एक तक्ता होण्याआधी मराठी छापखान्यांनी आपापली सोय केली होती. इंग्रजी अक्षरांच्या अंकांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवले होते: एका अंकावर काना, एकावर वेलांटी, एकावर अर्धा श. प्रत्येक फाँटचा तक्ता निराळा. बाईंची बोटं त्याच तक्त्यावर पडलेली. आजही त्यांच्या संगणकावर त्यांना सगळं स्वच्छ मराठी दिसत असणार. आलेली पत्रं आपल्या फाँटमध्ये बदलून घ्यायची सोय ईराण्णा करून देणार आहे, असं सुरुवातीच्या पत्रात होतं. जाणाऱ्या पत्रांचं काय, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही.

"पण मग," केतकी म्हणाली, "तुम्ही वर्षभर वाचताय काय?"

हा प्रश्न दाबक्यांच्याही मनात आला होता. तो दुसऱ्या कोणी विचारावा, अशी त्यांची इच्छा होती.

वाचत होते ते पाटीतल्या 'पूर्ती' नावाच्या यंत्रणेनं भरून दिलेलं. बारा वर्षांपूर्वी काही संशोधकांनी दाखवून दिलं, की माणसाचं लिहिणं फार अंदाजात येण्यासारखं असतं. दहातली सात अक्षरं गाळा. उरलेल्या तिनांवरून आणि त्या माणसाच्या आधीच्या पत्रांवरून यंत्र सबंध पत्र पुन्हा उभं करू शकतं. आधी हे बुडत्या जहाजांवरून येणाऱ्या तुटक संदेशांसाठी वापरलं, मग पुरात भिजलेल्या दप्तरांसाठी, आणि शेवटी सगळ्यांच्या टपालासाठी. लोकांना ते आवडलं. यंत्राला नियम एकच घालून दिला होता: वाचणाऱ्याला रिकामी जागा दाखवायची नाही. रिकामी जागा दिसली की माणसं तक्रार करतात. चुकीची भरली तर करत नाहीत, कारण त्यांना कळतच नाही.

"ज्या पत्रात एकही अक्षर लागत नाही, तिथं?" दाबक्यांनी विचारलं.

"तिथं दहाच्या दहा भरणार," केतकी म्हणाली. "आधीच्या पत्रांवरून."

आधीची वाचता येणारी पत्रं तीन होती. बाईंचा संगणक खोक्यातून निघायच्या आधी ईराण्णानं ती आत्याच्या वतीनं आपल्या फोनवर लिहिली होती. हवा, वांगी, गुडघा.

"मी गुडघ्याला तेल पाठवलं," एवढंच दाबके म्हणाले.

त्यानंतरचा आठवडा त्यांनी पेन्सिल घेऊन टेबलापाशी घालवला. तो फाँट आता कुठेच मिळत नव्हता; केतकीनं शोधून पाहिलं. पण बाईंच्या चिठ्ठीची सुरुवात दाबक्यांना ठाऊक होती. अठरा वर्षांत ती बदलली नव्हती: 'श्री. दाबके यांस'. शेवट 'शालन कोरे'. तेवढ्यावर सोळा-सतरा तुकडे हाताला लागले. ते सगळीकडे बसवले की एखादा शब्द अर्धा दिसे, आणि त्यातून पुढचा तुकडा मिळे. जे लागलं नाही तिथं ते पेन्सिलीनं चौकोन काढत आणि पुढे जात. मुद्रितात शंका असली तर चौकोन करावा, मनानं भरू नये, हा त्यांच्या धंद्याचा जुना दंडक होता.

पहिली काही पत्रं साधी होती. मग जूनचं लागलं.

'ईराण्णाची बदली जबलपूरला होणार. डिसेंबरात हे घर सोडायचं. मला जबलपूर नको. तुमच्या खालच्या दोन खोल्या रिकाम्या झाल्या असं तुम्ही लिहिलं होतंत. मी येऊन राहिले तर चालेल का? भाडेकरू म्हणून नव्हे. लोक बोलतील, पण मला कुठे ऐकू येतं? हो की नाही, ते एका शब्दात कळवा.'

दाबक्यांनी पेन्सिल खाली ठेवली. आनंद झाला, आणि लगोलग त्याच्या मागून शंका आली. यंत्रानं आपल्याला वाटलं ते भरलं. मग मी निराळं काय केलं? मला जे वाचायचं होतं, तेच माझ्या पेन्सिलीतून उतरलं नसेल कशावरून? त्यांनी पुढची पत्रं उघडलीच नाहीत.

मंगळवारी, सतरा तारखेला, केतकी आली तेव्हा त्यांनी कागद तिच्यापुढे सरकवला आणि दुसरीकडे बघत राहिले. तिनं वाचला. मग त्यांच्याकडे बघितलं. "अय्या, मामा!"

"खरं असेल असं नाही. मी घडवलं असेन."

"एका अंकाला तुम्ही सगळीकडे एकच अक्षर दिलंय ना?"

"दिलंय."

"मग मी तुमचा तक्ता प्रोग्रॅमला देते. पुढची पत्रं तुम्ही बघितलेली नाहीत. मी मोठ्यानं वाचते, तुम्ही ऐका. तुमच्या मनातलं निघालं, तर तुम्ही घडवलंय म्हणू."

तिनं तक्ता घातला. जुलैचं पत्र उघडलं. काळ्या पडद्यावर पांढरी मराठी अक्षरं उभी राहिली, क्वचित कुठे एखादा चौकोन.

"'श्री. दाबके यांस. मी काय विचारलं आणि तुम्ही काय लिहिलंत? वांग्यांवर राख टाका म्हणता. कोणती वांगी? दोन झाडं होती, ती शेळीनं खाल्ली.'" हसू येऊन केतकीला पुढे वाचवेना. "अहो, ही तर भांडतेय तुमच्याशी!"

"पुढचं वाच."

"'तेलाची बाटली मिळाली. माझ्या गुडघ्याला काहीही झालेलं नाही. ईराण्णाच्या सासूला दिली.' आता नोव्हेंबर. 'समजलं. नाही म्हणायला माणसाला इतकी वांगी लागतात, हे मला ठाऊक नव्हतं.'" ती थांबली. या वेळी तिला हसू आलं नव्हतं. "मामा, हे तुम्हाला वाचायचं होतं म्हणून उतरलं?"

दाबक्यांनी नकारार्थी मान हलवली. जूनपासून एक बाई दारात उभी राहून हाका मारत होती, आणि ते आतून तिला भाजीचे उपाय सांगत होते.

शेवटचं पत्र चारच ओळींचं होतं. 'एकोणीस तारखेला ट्रक येणार. दुपारी सामान भरतील. तुमचा शब्दकोश माझ्याकडे राहिला आहे, तो ईराण्णा पोस्टानं पाठवेल. माझा राग नाही. अठरा वर्षं तुम्ही माझ्या चुका इतक्या हळुवारपणे दाखवल्यात, की मला' आणि त्यापुढे तीन चौकोन. ते तुकडे बाईंनी अकरा पत्रांत दुसरीकडे कुठेच वापरले नव्हते.

"कळतंय की संदर्भावरून," केतकी म्हणाली. "मी भरू?"

"नको. वांगीसुद्धा संदर्भावरूनच भरली होती."

"बरं, मग उत्तर तरी लिहा. आत्ता."

"संगणक खोक्यात गेला असेल त्यांचा."

"ईराण्णाला फोन करते मी."

"त्याला काय सांगशील? की तुझ्या आत्याला... छे, छे."

"मग काय करणार आहात?"

बुधवार दाबक्यांनी काय बोलायचं ते लिहून काढण्यात घालवला. पाच मसुदे झाले. पाचव्याच्या समासात त्यांनी स्वतःच 'फार लांबलं' असा शेरा मारला. गुरुवारी सकाळी त्यांनी पाची मसुदे टेबलावर ठेवले, पूर्तीनं दिलेली अकरा पत्रं केतकीकडून कागदावर काढून घेतली होती ती आणि पडद्यावरून पेन्सिलीनं उतरवून घेतलेली खरी अकरा पत्रं पिशवीत घातली, आणि अथणीची बस धरली.

घर शोधावं लागलं नाही. दारात ट्रक उभा होता, दोन हमाल कपाट उचलत होते, आणि ईराण्णा जाडं मार्कर पेन हातात घेऊन खोकी मोजत होता.

"कोण पाहिजे हो?"

"मी दाबके. सांगलीचा."

ईराण्णानं त्यांना खालून वरपर्यंत बघितलं. "म्हणजे तेलवाले?" मग जरा ओशाळून म्हणाला, "या की आत, या. आत्या मागच्या खोलीत आहे. पण सांगून ठेवतो, तुमच्यावर लई तापलीय."

कोरेबाई एका बांधलेल्या गादीवर बसल्या होत्या. केस पूर्ण पांढरे झालेले, पाठ मात्र छापखान्यात असायची तशीच ताठ. दाबक्यांना बघून त्यांचा हात पदराकडे गेला आणि मध्येच थांबला.

"या," त्या मोठ्यानं म्हणाल्या. ऐकू येत नसल्यामुळे त्यांना आवाजाचा अंदाज राहिला नव्हता. "वांगी आणलीत?"

दाबक्यांनी पिशवीतून पहिला गठ्ठा काढून त्यांच्या मांडीवर ठेवला. बाई वाचू लागल्या. दोन पत्रं वाचून झाल्यावर त्यांनी कागद लांब धरला.

"हे कोणी लिहिलं? मी? 'तेलानं पुष्कळ उतार पडला'? 'तुमच्या पत्राची वाट बघते'? असं मी जन्मात लिहिणार नाही."

दाबक्यांनी खिशातून पेन्सिल काढली, खोक्याचा एक तुकडा फाडून घेतला, आणि उभ्याउभ्याच लिहिलं: तुमचा फाँट उडाला होता. यंत्रानं मनानं भरलं. मला तुमची खरी पत्रं गेल्या आठवड्यात लागली. शेवटचं परवा.

बाईंनी ते दोनदा वाचलं. अठरा वर्षं जुळणी केलेल्या बाईला 'फाँट उडाला' म्हणजे काय ते समजावून द्यावं लागलं नाही. त्यांनी दुसरा गठ्ठा घेतला, स्वतःची पत्रं दाबक्यांच्या पेन्सिलीत वाचली, चौकोनांसकट. शेवटच्या पानावर त्या थांबल्या.

"हे तीन का सोडलेत?"

दाबक्यांनी खांदे उडवले: लागले नाहीत.

"बरं झालं. तिथं काय होतं, ते आज मीही लिहिणार नाही." मग त्या पुन्हा पहिल्या गठ्ठ्याकडे वळल्या आणि त्यांचा चेहरा जरा कडवट झाला. "तुम्ही हिला मात्र किती छान उत्तरं लिहिलीत. ही बाई बरी होती हो. कुरकुर नाही, प्रश्न नाहीत, वांगी खायची आणि गुडघा चोळायचा. तुम्हाला आवडली होती ना?"

खोटं बोलणं दाबक्यांना कधी जमलं नव्हतं. त्यांनी मान डोलावली. आवडली होती. वर्षभर रोज सकाळी आवडली होती. त्यांनी पुठ्ठ्याचा कोपरा शोधला आणि त्यावर लिहिलं: पण ती मला काही विचारायची नाही.

बाई त्या ओळीकडे बघत राहिल्या.

एवढ्यात ईराण्णा दारात आला. त्याच्या मागे एक हमाल बाईंच्या संगणकाचं खोकं पोटाशी धरून उभा होता. "आत्या, हे पुढे टाकू की मागे? यावर नाव नाही घातलेलं." आत्याचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं, किंवा नाही असं तिनं दाखवलं; ती दाबक्यांकडे बघत होती. "आत्या! जबलपूर लिहू ना?"

हमालानं खोकं दुसऱ्या बाजूला तोललं. दाबक्यांना टेबलावर राहिलेले पाच मसुदे आठवले, आणि पाचांतला एकही शब्द आठवला नाही. मग ते दोन पावलं पुढे झाले, ईराण्णाच्या हातातलं मार्कर पेन त्यांनी काढून घेतलं, आणि हमालाच्या पोटाशी वाकून खोक्याच्या कडेला, चिकटपट्टीच्या खाली, समासात शेरा मारावा तितक्या बारीक अक्षरात लिहिलं: सांगली.

ईराण्णानं वाकून वाचलं. त्यानं आत्याकडे बघितलं. बाई उठून आल्या, त्यांनी चष्मा सारखा केला आणि खोक्यावरचं वाचलं.

"एवढ्या बारीक अक्षरात लिहितात का कोणी?" त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज ट्रकपर्यंत गेला. "हमालाला दिसलं पाहिजे. मोठं लिहा. आणि बाहेर आणखी चार खोकी आहेत माझी, त्यांवरही."